भाडं परवडतं, बर्थ मिळत नाही

युरोपात रेल्वेने फिरायला निघालेला पर्यटक भाव शोधत असतो, बनारसला निघालेला पर्यटक बर्थ शोधत असतो. लंडनहून एडिंबराला किंवा पॅरिसहून लिऑंला जाणाऱ्या गाडीत जागा बहुतेक वेळा असते. फक्त ती दोन-तीन महिने आधी घेतली तर स्वस्त पडते आणि आदल्या दिवशी घेतली तर खिसा रिकामा होतो. मुंबईहून वाराणसीला जाणाऱ्या महानगरी एक्स्प्रेसमध्ये साध्या कोट्याचं भाडं दोन महिने आधीही तेवढंच असतं आणि निघायच्या आदल्या दिवशीही तेवढंच. जागा मात्र सुट्टीच्या दिवसांत आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत संपते. त्यामुळे परदेशातल्या सुट्टीसाठी रेल्वेचं स्वस्त तिकीट कसं मिळवायचं, हा जगभर विचारला जाणारा प्रश्न वाराणसी कँटच्या फलाटावर येऊन पोहोचला की त्याचा अर्थच बदलतो. इथे स्वस्त तिकीट ही कुणी शोधून काढायची युक्ती नाही, ती मूळची स्थिती आहे. विचारायचं ते एवढंच, की या भावात जागा कुणाच्या वाट्याला येते?

आधी भावाचं बोलू. मुंबई ते वाराणसी हे अंतर साधारण दीड हजार किलोमीटर. स्लीपरचं तिकीट सातशे रुपयांच्या आतबाहेर, थर्ड एसीचं दीड ते पावणेदोन हजारांत. दिल्लीहून वाराणसीला स्लीपरने चार-साडेचारशे रुपयांत जाता येतं. १५ फेब्रुवारी २०१९ ला देशातली पहिली वंदे भारत ज्या मार्गावर सुरू झाली तो हाच. तिथे चेअर कारला स्लीपरच्या चौपटीच्या आसपास पैसे पडतात, पण आठ तासांत, जेवणासकट, आणि तेही ठरलेल्या दराने. राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्यांना ९ सप्टेंबर २०१६ पासून चढतं भाडं लागू झालं. दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वाढतं आणि दीडपटीवर थांबतं. युरोपातल्या चढत्या भावाची आपल्याकडची ही मर्यादित आवृत्ती. पण बनारसच्या प्रवाशाला ती क्वचितच भेटते, कारण मुंबई-पुण्याकडून तिथे जाणाऱ्या गाड्या साध्या मेल-एक्स्प्रेस आहेत. रेल्वेच्या तिकिटावर बरीच वर्षं एक ओळ छापलेली असते, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वे वसूल करते. न्यूझीलंडहून आलेल्या माणसाच्या तिकिटावरही तीच ओळ असते. त्याच्या सुट्टीचा उरलेला खर्च मालगाडीतला कोळसा आणि सिमेंट उचलतं, हे त्याला कुणी सांगत नाही.

या स्वस्ताईचा सगळ्यात प्रसिद्ध हिशेब बनारसच्याच वाटेवरचा आहे. १९०२ साली मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेहून भारतात आले असताना कलकत्त्यात गोखल्यांकडे राहिले आणि तिथून राजकोटला तिसऱ्या वर्गाने निघाले. वाटेत बनारस, आग्रा, जयपूर आणि पालनपूर, प्रत्येक ठिकाणी एकेक दिवस मुक्काम. तिसऱ्या वर्गाची कल्पना गोखल्यांनी आधी चेष्टेवारी नेली आणि मग उचलून धरली. बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी, गोखल्यांनी दिलेला लाडू-पुऱ्यांचा डबा आणि स्टेशनवर पोचवायला स्वतः गोखले व प्रफुल्लचंद्र राय. पहिल्या वर्गाने जात असता तर आलो नसतो, असं गोखले म्हणाले, हे आत्मकथेत आहे. भाड्यासकट सगळा प्रवास एकतीस रुपयांत झाला. तिथे आणखी एक तपशील आहे, तो आजच्या प्रवाशाने नीट वाचावा. गांधी मेलगाडी टाळून साधी गाडी घेत, कारण मेलमध्ये गर्दीही जास्त आणि भाडंही जास्त. बनारसला ज्ञानवापीत त्यांनी दक्षिणा म्हणून एक पै ठेवली आणि पंडा संतापला. काटकसरीने प्रवास करणारा माणूस आणि काशीची अर्थव्यवस्था यांचं जमत नाही, ते तेव्हापासून.

त्या प्रवासाचा सांगाडा, म्हणजे एका लांब मार्गावर थांबत थांबत जाणं, आजही रेल्वेच्या नियमांत शिल्लक आहे आणि फार थोड्यांना तो ठाऊक आहे. आपलं भाडं अंतरागणिक उतरत जातं. पहिल्या पाचशे किलोमीटरला किलोमीटरमागे जो दर पडतो, तो पुढच्या पाचशेला पडत नाही. त्यामुळे मुंबई–प्रयागराज आणि प्रयागराज–वाराणसी अशी दोन तिकिटं काढणं हे मुंबई–वाराणसी एका तिकिटापेक्षा महाग. पाचशे किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर वाटेत उतरून पुन्हा प्रवास सुरू करता येतो. हजार किलोमीटरपर्यंत एकदा, त्यापुढे दोनदा, प्रत्येक वेळी दोन दिवसांपर्यंत, आणि पहिला थांबा पाचशे किलोमीटर झाल्यावरच. याहून जुनी आणि याहून उपयोगी सोय म्हणजे वर्तुळाकार प्रवासाचं तिकीट. जिथून निघालो तिथेच परत, मधे जास्तीत जास्त आठ थांबे, आणि भाडं सगळ्या अंतराचे दोन भाग करून लांब पल्ल्याच्या उतरत्या दराने. काशी, प्रयाग, गया ही त्रिस्थळी करणाऱ्या मराठी कुटुंबासाठी जणू मुद्दाम केलेला नियम. पण हे तिकीट संगणकाच्या एका टिचकीवर मिळत नाही. विभागीय कार्यालयाकडे आधी मार्ग लिहून द्यावा लागतो, तो मंजूर होतो, मग खिडकीवर तिकीट आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं. शेवटी गाडं अडतं ते इथेच. वर्तुळ मंजूर झालं तरी गया–वाराणसी टप्प्यावर बर्थ मिळेल याची हमी त्या तिकिटात नसते. इतक्या स्वस्त सोयीला गिऱ्हाईक का नाही, याचं उत्तर बहुधा यातच आहे.

आता परदेशी पाहुण्याकडे वळू, कारण या प्रश्नाचा सगळ्यात विचित्र भाग त्याच्याभोवती आहे.

भारतीय रेल्वेने परदेशी पर्यटकांसाठी काही गाड्यांत मोजके बर्थ वेगळे ठेवले आणि ते विकायला निवडक स्थानकांवर वेगळ्या खिडक्या उघडल्या. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई तर झालंच. आग्रा, जयपूर, वाराणसी ही पर्यटकांची ठिकाणं, आणि आपल्याकडची दोन, अजिंठा-वेरूळसाठी तेव्हाचं औरंगाबाद व गोव्यासाठी वास्को द गामा. वाराणसी कँटला हे कार्यालय मुख्य इमारतीत आहे. पासपोर्ट आणि पर्यटक व्हिसा दाखवायचा, फॉर्म भरायचा, कोट्यात जागा असेल तर तिथल्या तिथे कन्फर्म तिकीट घ्यायचं. वर्षानुवर्षं या खिडकीवर एक अट होती. पैसे डॉलर, पौंड किंवा युरोत द्या, आणि रुपयांत द्यायचे तर ते बँकेत बदलून घेतल्याची पावती दाखवा. या अटीत कोट्याचा जन्म दिसतो. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाने डॉलर आणणाऱ्या माणसाला दिलेली ती जागा होती. त्याच काळातला इंडरेल पास हाही डॉलरमध्येच विकला जाई, आणि तो काढलेला माणूस ठरलेल्या दिवसांत देशभर हवं तिथे जाऊ शके. चलनाची ती चणचण १९९१ नंतर हळूहळू संपली. पास २०१७ च्या सुमारास बंद झाला. कोटा मात्र राहिला.

तो राहिला याचं मला वाईट वाटत नाही. ताजमहालाच्या दारात परदेशी माणसाकडून ११०० रुपये घेतात आणि आपल्याकडून ५०. सारनाथच्या उत्खनन परिसरातही दोन दर आहेत. रेल्वेच्या खिडकीने मात्र अनेक दशकं जपानी विद्यार्थ्याला आणि जौनपूरच्या शेतकऱ्याला एकाच भाड्याने नेलं. पाहुण्याला दिली ती रांगेतली सूट, भावातली नव्हे. पुढे हे बदललं. २०१७ पासून परदेशी पर्यटकांना ३६५ दिवस आधी ऑनलाइन आरक्षण करण्याची मुभा मिळाली, आणि तिथे वेगळा सेवा आकार आणि चढं भाडं आलं. म्हणजे घरी बसून वर्षभर आधी निश्चिंत व्हायचं तर किंमत मोजा, आणि स्वस्त हवं तर वाराणसीला पोहोचून खिडकीवर नशीब बघा. युरोपात लवकर येणाऱ्याला स्वस्त मिळतं, इथे लवकर येणाऱ्या परक्याला महाग. या धोरणात तर्क आहे, पण पर्यटन खात्याच्या जाहिरातीत तो नीट बसत नाही.

देशी प्रवाशाचं खातं याच काळात आखडत गेलं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. रेल्वेने दिलेलं कारण रास्त होतं. ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होत होती, आणि काही लोक तर रद्दही न करता गाडीला येतच नव्हते. परदेशी पर्यटकांची ३६५ दिवसांची मुदत या फेरबदलात तशीच ठेवली. मग आल्या आधारच्या अटी. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खातं आधारशी जोडलेलं हवं. १ ऑक्टोबरपासून साध्या आरक्षणाची पहिली पंधरा मिनिटंही आधारवाल्यांसाठी राखली गेली. हेतू दलालांच्या यंत्रांना अडवण्याचा, आणि तो पटण्यासारखाच आहे. परिणाम असा, की आधार नसलेला माणूस, मग तो मेलबर्नचा असो की मेलबर्नला स्थायिक झालेला पार्ल्याचा, तत्काळच्या खिडकीतून ऑनलाइन आत येऊच शकत नाही. परकीय चलनासाठी उघडलेला तो जुना कोटा आता आधार नसलेल्यांचा आसरा झाला आहे. सरकारी सोयी कशासाठी सुरू होतात आणि कशासाठी टिकतात, यात असं अंतर पडतंच.

परदेशातली मराठी कुटुंबं या सापळ्यात जशी सापडतात तसं दुसरं कुणी सापडत नाही. न्यू जर्सीहून लेक, जावई, दोन मुलं डिसेंबरात येणार. पुण्याहून आजी-आजोबा आणि मावशी बरोबर निघणार. आजींची इच्छा काशीची. लेकीने परदेशी कोट्यातून वर्ष आधी तिकीट काढलं तरी त्या तिकिटावर आजी बसू शकत नाहीत, कारण कोटा पासपोर्टाचा आहे, नात्याचा नाही. आजींसाठी साठ दिवसांच्या दारावर सकाळी आठ वाजता कुणीतरी मोबाइल घेऊन बसायचं. हाती काय येईल, तर लेकीचं कुटुंब एका डब्यात कन्फर्म आणि आजी-आजोबा वेटिंगवर. यावर मला दिसणारा शहाणा मार्ग म्हणजे सगळ्यांनी देशी रांगेतच उभं राहणं. अनिवासी भारतीयांकडे आधार असेल तर त्यांनाही ती खुली आहे. आणि गाडी अशी निवडावी जी आपल्या गावाहून सुटते. पुण्याहून सुटणारी ज्ञानगंगा आठवड्यातून एकदाच असली तरी तिच्यात पुण्याच्या प्रवाशाला साध्या कोट्याचा मोठा वाटा मिळतो, आणि मुंबईकरांसाठी महानगरी मुंबईतूनच सुटते आणि वाराणसीतच संपते.

हे सुटण्याच्या स्थानकाचं प्रकरण थोडं उलगडायला हवं, कारण वेटिंगच्या आकड्याइतका फसवा आकडा दुसरा नाही. गाडी जिथून सुटते तिथून शेवटपर्यंत, किंवा शेवटच्या काही स्थानकांपर्यंत, जाणाऱ्यांची प्रतीक्षा यादी वेगळी आणि मधल्या मोठ्या स्थानकांची वेगळी. पहिली भराभर पुढे सरकते, दुसरी रखडते. गोरखपूरहून लोकमान्य टिळक टर्मिनसला जाणाऱ्या काशी एक्स्प्रेसचं परतीचं तिकीट वाराणसीहून काढणारा हा मधल्या यादीत पडतो. वाराणसीहूनच सुटणाऱ्या महानगरीचं काढणारा मुख्य यादीत. दोघांच्या तिकिटावर वेटिंग वीस लिहिलेलं असलं तरी दोघांचं नशीब सारखं नाही. म्हणून जाणकार प्रवासी तिकीट मूळ स्थानकापासून काढतात आणि चढण्याचं स्थानक बदलून घेतात. भाडं अंतरागणिक उतरत असल्याने जादा पैसे थोडेच पडतात. नियमात बसणारी आणि पैसा वाचवण्यापेक्षा जागा मिळवून देणारी अशी युक्ती दुसरी नाही.

स्थानकांचीही गंमत आहे. वाराणसी म्हणजे एक स्थानक नव्हे. वाराणसी जंक्शन, ज्याला सगळे कँट म्हणतात. शहराच्या पश्चिमेचं मंडुआडीह, जे जुलै २०२१ पासून बनारस झालं. राजघाटच्या पुलाजवळचं काशी. उत्तरेला वाराणसी सिटी. आणि गंगेपलीकडे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, २०१८ पर्यंतचं मुघलसराय. हावडा–दिल्ली मुख्य मार्ग या शेवटच्या स्थानकावरून जातो आणि कँटपेक्षा कितीतरी अधिक लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबतात. हेही जुनंच आहे. मुघलसरायला रेल्वे १८६२ मध्ये आली आणि गंगेवरचा डफरिन पूल झाला १८८७ मध्ये. मधली पंचवीस वर्षं या मार्गाने येणारा यात्रेकरू गंगेपलीकडेच उतरून नदी ओलांडत असे. आज रिक्षाने पंधरा-सोळा किलोमीटर जायची तयारी असेल, तर ‘वाराणसीला जागाच नाही’ म्हणून हात टेकलेल्या माणसाला दीनदयाळला जागा सापडते. परदेशी पर्यटकाला हे कुणी सांगत नाही. तो नकाशात वाराणसी शोधतो आणि एका स्थानकावर थांबतो.

तत्काळबद्दल फार लिहायचं कारण नाही, सगळ्यांनीच तो अनुभव घेतलेला आहे. डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झालेली ही सोय गाडी सुटायच्या आदल्या दिवशी एसीला सकाळी दहा वाजता आणि स्लीपरला अकराला उघडते. जादा आकार स्लीपरला फार तर २०० रुपये, थर्ड एसीला फार तर ४००. लक्षात घ्या, इथेही भाव आटोक्यातच आहे. एडिंबराला आदल्या दिवशी जाणारा माणूस हे आकडे ऐकून हसेल. महाग आहेत ते पहिले नव्वद सेकंद. आणि या नव्वद सेकंदांवरच गोदौलिया ते अस्सी घाटापर्यंतच्या गल्ल्यांतल्या कितीतरी टपऱ्यांचा धंदा चालतो. परदेशी माणसाकडून तिकिटामागे तीनशे घ्यायचे की आठशे, हे त्याच्या पाठीवरच्या पिशवीकडे बघून ठरतं. यात सगळं बेकायदा असतं असं नाही. अधिकृत एजंट आहेत, त्यांना ठरलेलं कमिशन घेता येतं, आणि भाषा न कळणाऱ्या माणसाला रांगेतून वाचवण्याचे पैसे घेणं हा गुन्हा नव्हे. वाईट वाटतं ते एवढ्यानेच, की मुख्य इमारतीत त्याच्यासाठी मांडलेली खिडकी असताना त्याला ती बंद असल्याचं सांगितलं जातं. ही थाप भारतातल्या पर्यटकांच्या गावांत फार जुनी आहे.

इथे जगातल्या पासांकडे एक नजर टाकायला हरकत नाही. युरोपात १९५९ पासून युरेल आणि १९७२ पासून तरुणांसाठी इंटररेल आहे. जपानने परदेशी पाहुण्यांसाठी काढलेला पास कित्येक वर्षं इतका स्वस्त होता, की तो घेतल्याशिवाय टोकियोला उतरणं मूर्खपणाचं मानलं जाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा आठवड्याचा दर २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला आणि लोक पुन्हा सुटी तिकिटं काढू लागले. भारतात असा पास पुन्हा सुरू करावा, अशी मागणी अधूनमधून होते. मला ती पटत नाही. पास भाड्याचा प्रश्न सोडवतो, आणि भाडं हा इथला प्रश्नच नाही. बर्थशिवायचा पास म्हणजे फलाटावर उभं राहण्याचा परवाना. आणि पासाला बर्थ जोडायचा, तर तो कुणाच्या तरी वाट्यातून काढावा लागेल.

कुणाच्या, हे महानगरी किंवा कामायनीत एकदा बसलं की कळतं. मुंबई-नाशिक पट्ट्यातून पूर्वांचलाकडे जाणाऱ्या या गाड्या पर्यटकांसाठी चालत नाहीत. बांधकामावरचे, टॅक्सीवरचे, यंत्रमागावरचे, दूधवाले, सुरक्षारक्षक आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठी त्या चालतात. ज्या स्लीपरच्या बर्थकडे सुट्टीवाला ‘अनुभव’ म्हणून बघतो, तो आझमगडच्या माणसासाठी घरी जायचा एकमेव मार्ग असतो. १ मे २०२५ पासून वेटिंगचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढायला मनाई झाली. कन्फर्म तिकीटवाल्याच्या सुखाचा नियम आहे, आणि त्याची किंमत साध्या डब्यात उभं राहून सव्वीस-सत्तावीस तास काढणारा देतो. २०२१ मध्ये आलेल्या थर्ड एसी इकॉनॉमी डब्याचं मला म्हणून कौतुक वाटतं. नेहमीच्या थर्ड एसीत ७२ बर्थ असत, या डब्यात ८३ आले, आणि भाडं थोडं कमी. जागेच्या प्रश्नाला जागेनेच उत्तर देणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी ही एक. पाय जरा आखडतात, ते चालवून घ्यावं.

ज्येष्ठांचं वेगळं दुखणं आहे. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये महामारीच्या निमित्ताने गेली आणि परत आली नाही. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा तेवढा आहे, आणि त्यात पंचेचाळिशीपुढच्या स्त्रियांनाही जागा मिळते, हे पुष्कळांना माहीत नसतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. साठीपुढचे, अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेले, माणशी तीस हजारांपर्यंत खर्च. काशीला जाणं हौस नव्हे तर गरज मानणाऱ्या आपल्या समाजात अशी योजना लोकप्रिय होणारच. पण तिचं वेळापत्रक सरकारचं असतं, भाविकाचं नाही. ज्याला आपल्या सवडीने जायचं आहे त्याच्या हातात पुन्हा साठ दिवस आणि सकाळचे आठ.

वाराणसीपर्यंत पोहोचलेल्या मराठी माणसाची पुढची इच्छा पुष्कळदा नेपाळची असते आणि तिथे हा विषय खऱ्या अर्थाने परदेशी सुट्टीचा होतो. काशी–नेपाळ अशी जोडयात्रा आपल्या यात्रा कंपन्या कित्येक वर्षं विकत आल्या आहेत. बौद्ध कुटुंबांसाठी तर सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी ही एकच वाट. नोव्हेंबर १९५६ मध्ये डॉ. आंबेडकर काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना वाराणसी आणि सारनाथला थांबले होते. नागपूर-अमरावतीकडचे लोक त्या वाटेने आजही येतात, स्लीपरचं बुकिंग, बरोबर भाकरी-चटणीचा डबा आणि गोरखपूरपुढे सोनौलीपर्यंत बस किंवा जीप. त्याच स्थळांना जोडणारी बौद्ध परिक्रमेची पर्यटक गाडी रेल्वे चालवते, तिचे दर डॉलरमध्ये सांगितले जातात आणि तिच्यात थायलंड-श्रीलंकेचे पाहुणे असतात. वाराणसी–काठमांडू थेट बस मार्च २०१५ मध्ये सुरू झाली. स्वस्तात जायचं तर मला मात्र गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे रस्ता, हीच वाट बरी वाटते. रात्रभर बसमध्ये बसण्यापेक्षा पाठीला सोपी.

सबंध प्रवास रुळांवरूनच व्हावा असा हट्ट असेल, तर पर्याय एकच उरतो. पाकिस्तानकडे जाणाऱ्या समझौता आणि थार या गाड्या २०१९ मध्ये थांबल्या. ढाक्याची मैत्री एक्स्प्रेस जुलै २०२४ पासून बंद आहे. राहते ती जयनगर–जनकपूर. तिथली जुनी नॅरोगेज १९३७ ची, ती २०१४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद पडली आणि नवी ब्रॉडगेज गाडी २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाली. ती चालवते नेपाळ रेल्वे कंपनी, पण तिचे दोन डिझेल गाडीसंच २०२० मध्ये पुरवले ते कोकण रेल्वेने. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी पवन एक्स्प्रेस वाराणसीमार्गे थेट जयनगरला जाते. म्हणजे कुर्ल्याला चढलेला माणूस बनारसला उतरून चार दिवस घाट बघू शकतो, पुन्हा त्याच नावाची गाडी पकडून दरभंग्यापलीकडे जयनगरला पोहोचू शकतो, आणि तिथे शेजारच्या नेपाळी स्थानकात तिकीट घेऊन सुमारे तीस किलोमीटरवरच्या जनकपूरला. सगळा खर्च विमानाच्या एका बाजूच्या तिकिटाहून कमी. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा. ही गाडी भारतीय आणि नेपाळी नागरिकांपुरतीच आहे. वाराणसीच्या खिडकीवर ज्याच्यासाठी कोटा राखून ठेवला आहे त्या जर्मन किंवा जपानी पाहुण्याला इथे तिकीट मिळत नाही, आणि न्यू जर्सीच्या जावयाकडे अमेरिकन पासपोर्ट असेल तर त्यालाही नाही. त्यांनी सोनौलीच्या रस्त्याने जावं.

परतीला जयनगरहूनच पवन एक्स्प्रेस धरली तर ती तिथूनच सुटते, त्यामुळे यादी मुख्य आणि बर्थ मिळायची शक्यता बरी. छठपूजा आटोपल्यानंतरचे पंधरा दिवस मात्र सोडून द्यावेत. तेव्हा बिहार आणि पूर्वांचलातून मुंबईकडे कामावर परतणाऱ्यांची रीघ लागलेली असते. कुठला कोटा आणि कुठली यादी याला त्या दिवसांत काही अर्थ नसतो, आणि त्या गाडीवर पहिला हक्क त्यांचा आहे.